‘रॅस, १ नग’ : प्रस्तावना

बिलावर एवढंच लिहिलेलं असतं : ‘रॅस, १ नग’. कधी ‘मिक्स रॅस’, कधी ‘कलर रॅस’, आणि दुकानदार फारच उत्साही असला तर ‘इम्पोर्टेड रॅस’. थर्माकोलच्या खोक्यातून हवा भरून फुगवलेली पिशवी निघते, पिशवीत बोटाएवढा मासा असतो आणि तो एका डोळ्यानं आपल्याकडे बघत असतो. त्याचं नाव काय, तो किती वाढणार, काय खाणार, टाकीतल्या जुन्या बिऱ्हाडकरूंशी त्याचं जमणार की नाही, यातलं काहीही त्या बिलावर नसतं. ही पुस्तिका त्या पिशवीपासून पुढची आहे.

रॅस हा एक मासा नव्हे, ते एक अवाढव्य घराणं आहे. शास्त्रज्ञ त्याला लॅब्रिडी म्हणतात. त्यात पाचशेहून जास्त जाती आहेत, आणि आता अनेक जण पोपटमासेही याच घरात धरतात, म्हणजे आकडा सहाशेच्या पुढे जातो. करंगळीएवढे रॅस आहेत आणि दोन मीटरांहून लांब वाढणारा नेपोलियन रॅसही याच कुळातला. इतकं मोठं घराणं असूनही मराठी माणसाच्या कानावर ते फारसं आलेलं नाही. सुरमई, पापलेट, बांगडा ही नावं समुद्र न पाहिलेल्या घरांतही पोचली. रॅस ताटात येत नाही, त्यामुळे बोलण्यातही येत नाही. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेपुढून शाळेच्या सहलींमधून किती पिढ्या गेल्या असतील, पण ‘तो रंगीत मासा’ यापलीकडे नाव लक्षात ठेवून घरी आलेलं मूल विरळाच.

आता हे सगळं देवळीत बसून का लिहायचं, असं कुणीही विचारेल. वर्धा जिल्ह्यातलं हे गाव काळ्या मातीचं, कापसाचं. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंगालचा उपसागर, आणि दोन्ही पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे. इथं समुद्र पोत्यातून किंवा बादलीतून येतो, मिठाच्या रूपात. शंभर लिटर आरओच्या पाण्यात साधारण साडेतीन किलो सॉल्ट मिक्स विरघळवायचं, रिफ्रॅक्टोमीटरवर घनता १.०२५ च्या आसपास आली की समुद्र तयार. मग मे महिना येतो. बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि टाकीतलं पाणी २६ अंशांवर ठेवायचं. कूलरपुढे माणसं घामाघूम बसलेली असतात आणि माशांना चिलर लावलेला असतो; घरातल्या वडीलधाऱ्यांनी यावर काय काय ऐकवलं असेल ते सांगायला नको. वीज गेली की पंखा बंद झाल्याचं दुःख दुय्यम, आधी बॅटरीवरचा एअर पंप शोधायचा.

किनाऱ्यावरच्या माणसाला जी सोय आहे ती इथं नाही, हे खरं कारण. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात डोकं बुडवलं की प्रवाळ दिसतात. १९८७ मध्ये तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं. पाण्यात उतरणारा माणूस मासा त्याच्या जागी बघतो : किती खोलीवर, कुणाच्या सोबतीनं, वाळूवर की खडकात. आपल्याकडे मासा पोचतो तेव्हा हे सगळं गळून गेलेलं असतं. इंडोनेशियातल्या किंवा मालदीवमधल्या कुणीतरी तो पकडलेला, निर्यातदारानं भरलेला, चेन्नईच्या कोळत्तूरमधल्या किंवा मुंबईतल्या कुर्ल्याच्या दुकानात आठवडाभर ठेवलेला, आणि तिथून पुढे गाडीनं आलेला. प्रत्येक हातात त्याच्या माहितीतलं काहीतरी सुटत जातं. शेवटी उरतो तो नग.

नाव कळून करायचं काय, हा प्रश्न मला गैर वाटत नाही. मासा देखणा आहे, खातोय, पोहतोय; झालं. पण रॅसच्या बाबतीत नाव म्हणजे त्याचं भविष्य असतं. दुकानात मिळणारं एक पिल्लू घ्या : पांढरंशुभ्र अंग, पाठीवर दोन नारिंगी डाग आणि त्यांच्या वर परावर दोन काळे डोळ्यांसारखे ठिपके. पाच सेंटिमीटरांचं हे गोजिरं पिल्लू कोरिस आयगुला या जातीचं असतं, आणि ही जात मीटरभराहून लांब वाढू शकते. त्या वयात ते हिरवट काळपट रंगाचं, कपाळाला टेंगूळ असलेलं धूड होतं आणि टाकीतले दगड उलथून खाली दडलेले खेकडे, शंख शोधतं. दुसरीकडे सहा नारिंगी रेघांचा स्यूडोकायलिनस हेक्साटीनिया. हा आयुष्यभर बोटाएवढाच राहतो, दणकट असतो, काहीही खातो, आणि एकदा टाकी आपली मानली की नंतर आलेल्या गरीब माशाला कोपऱ्यात दाबून मारतो. तिसरा मॅक्रोफॅरिंगोडॉन, चित्त्यासारख्या ठिपक्यांचा. हा स्वभावानं शांत, पण दिवसभर दगडावरचे बारीक जीव टिपत फिरणारा. कोऱ्या नव्या टाकीत सोडला तर समोर टाकलेलं खाद्य ओळखतही नाही आणि हळूहळू खंगतो. तिघांनाही बिलावर ‘रॅस’च म्हटलेलं असतं.

ओळख पटवायला बसलं की पहिला भरवसा आपण रंगावर टाकतो. चित्रांचं पुस्तक उघडायचं, तसाच रंग शोधायचा. रॅसच्या बाबतीत घात होतो तो इथंच.

या घराण्यातल्या बहुतेक जातींत एकाच माशाला आयुष्यात दोन-तीन वेगळे वेष असतात. पिल्लाचा एक, वयात आलेल्या मादीचा दुसरा, आणि नराचा तिसरा. यात अनेक जातींत नर जन्माला येतच नाही म्हटलं तरी चालेल. मादीचाच पुढे नर होतो. डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर सफाई करणाऱ्या रॅसचं, म्हणजे लॅब्रॉइडिस डिमिडिएटसचं, निरीक्षण करून १९७२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. एका नराच्या ताब्यात काही माद्यांचा कळप असतो आणि त्या माद्यांतही थोरली-धाकटी अशी उतरंड असते. नर मेला की सगळ्यात वरच्या पायरीवरची मादी दीड-दोन तासांत नरासारखी दादागिरी करू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत तिच्यापासून वीर्य मिळू शकतं. गादी रिकामी राहत नाही. या जातीत रंग फारसा बदलत नाही, पण हॅलिकोएरिस, थॅलसोमा, सिरिलॅब्रस अशा कितीतरी वंशांत लिंगाबरोबर वेषही पालटतो. म्हणजे आज आपण पुस्तकातल्या चित्राशी ताडून पक्कं केलेलं नाव सहा महिन्यांनी समोरच्या माशाला लागू पडेनासं वाटतं. मासा तोच, नावही तेच बरोबर असतं. चित्र फक्त मादीचं होतं.

विद्वानांचीही यात गफलत झालेली आहे. लांब चोचीचा गॉम्फोसस घ्या. मादी फिकट, मागे तपकिरी, नर हिरवा-निळा. लासेपेद यांनी १८०१ मध्ये या माशाला गॉम्फोसस व्हेरियस नाव दिलं, आणि १८२४ मध्ये क्वॉय व गेमार यांनी नराला वेगळी जात समजून गॉम्फोसस ट्रायकलर असं दुसरं नाव दिलं. नवरा-बायको दोन वेगळ्या कुळांत नोंदले गेले, तसं. रॅसच्या जुन्या नामावळ्या अशा जोडनावांनी भरलेल्या आहेत. मेलेला, दारूत बुडवून रंग उडालेला एक नमुना हातात घेऊन ज्यांना नाव द्यायचं होतं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

विदर्भातल्या माणसाला हे वाटतं तितकं परकंही नाही. तलावात मरळीची पिल्लं पाहिलेली असतील तर आठवा : पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-केशरी पिल्लांचा झुबका खदखदत असतो आणि खाली त्यांची राखण करणारे आईबाप काळसर करडे. ज्यानं कधी ती जोडी एकत्र पाहिलीच नाही तो या दोघांना एक मासा मानणार नाही. तळ्याकाठच्या ढीवराला मात्र ते सांगावं लागत नाही, कारण त्यानं मासा वाढताना पाहिलेला असतो. रॅस ओळखायची रीतही शेवटी तीच आहे, आणि घरी टाकी असलेल्या माणसाला ती संग्रहालयातल्या बरणीपेक्षा जास्त उपलब्ध आहे. आपल्यापुढे मासा जिवंत आहे, रोज आहे, वर्षभर आहे.

तर काय बघायचं? माझं मत विचाराल तर आधी तो झोपतो कसा ते बघा. संध्याकाळी टाकीचे दिवे मंद व्हायला लागले की खुर्ची घेऊन बसावं. हॅलिकोएरिस, कोरिस किंवा मॅक्रोफॅरिंगोडॉन असेल तर तो वाळूच्या एका ठरावीक कोपऱ्यावर घिरट्या घालू लागतो, मान कलती करून दोनदा जागा चाचपतो आणि मग डोकं खाली करून अंगाला एक झटका देत वाळूत शिरतो. वाळूचा बारीकसा धुरळा उठतो, बसतो, आणि मासा नव्हताच असं वाटतं. सिरिलॅब्रस किंवा पॅराकायलिनस असेल तर तो वाळूकडे ढुंकूनही बघत नाही. दगडाच्या खबदाडीत शिरतो आणि स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष विणून त्यात निजतो. भल्या पहाटे, दिवे लागायच्या आत लाल बॅटरी मारली तर तो कोष दिसतो, काचेवर ओलं प्लास्टिक चिकटावं तसा. एवढ्या एका संध्याकाळीत निम्मं घराणं यादीतून बाद होतं. पाहुणा नवा असेल तर घाई नको. फिलिपीन्सकडून आलेल्या माशाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तो भर दुपारी चारलाच वाळूत गडप होतो, काही जण तर पहिले तीन-चार दिवस बाहेरच येत नाहीत. मासा मेला समजून वाळू उकरणारे शौकीन पुष्कळ आहेत. उकरू नये.

मग डोळा. सिरिलॅब्रस, पॅराकायलिनस आणि स्यूडोकायलिनस यांच्या डोळ्यावरचा पारदर्शक पडदा दोन भागांत विभागलेला असतो, त्यामुळे जवळून बघितलं की एका डोळ्यात दोन बाहुल्या असल्यासारखं दिसतं. एकदा दिसलं की विसरत नाही. याच मंडळींची पार्श्वरेषा, म्हणजे अंगावरून जाणारी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांची रांग, मध्येच तुटते आणि खालच्या बाजूला पुन्हा सुरू होते. हॅलिकोएरिसमध्ये ती अखंड असते, फक्त शेपटीअलीकडे झपकन खाली वळते.

आणि मग मोजणी. पाठीवरच्या परात पुढे टणक काटे आणि मागे मऊ किरणं असतात. थॅलसोमात काटे आठ, हॅलिकोएरिसमध्ये नऊ, सिरिलॅब्रसमध्ये सहसा अकरा, बोडियानसमध्ये बारा. रंग खोटं बोलेल, काटे बोलत नाहीत. पिल्लू असो, मादी असो, नर असो, तेवढेच. अडचण एकच : मासा पर मिटून पोहतो. यावर शौकिनांत चालत आलेली युक्ती म्हणजे काचेला बाहेरून छोटा आरसा लावायचा. समोर प्रतिस्पर्धी दिसला की नर पर ताठ उभारतो, आणि मोबाइलवर एकापाठोपाठ फोटो काढत राहिलं तर त्यातला एक तरी काटे मोजण्याजोगा निघतो. आरसा मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नये, मासा उगाच शिणतो. फोटो काढताना निळे दिवे बंद करून पांढरे लावावेत. निळ्या उजेडात घेतलेल्या फोटोंवरून नाव विचारणाऱ्यांना कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही, कारण त्या उजेडात लाल मासा काळपट होतो आणि पिवळा चकाकायला लागतो.

तोंडाचं महत्त्व कळायला एकच उदाहरण पुरे. सफाई रॅसच्या निळसर अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असतो आणि मोठे मासे त्याच्यापुढे तोंड उघडून उभे राहतात, तो त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. हुबेहूब तसाच वेष घेऊन, तसंच नाचत पोहणारा अॅस्पिडॉन्टस टीनिएटस नावाचा दुसराच मासा आहे. तो रॅसच नव्हे, ब्लेनी आहे, आणि जवळ जाऊन दुसऱ्या माशांच्या पराचा लचका तोडतो. दोघे कधीकधी एकाच टाकीतून विकले जातात. खऱ्याचं तोंड नाकासमोर, अगदी टोकाला. भोंदूचं तोंड थुतरीच्या खाली वळलेलं, आणि पाठीचा पर डोक्यामागूनच सुरू होऊन लांबलचक गेलेला. (खरा ओळखला म्हणून लगेच घ्यावा असंही नाही. त्याला परजीवी टिपायची सवय असते, टाकीत तेवढे नसतात. २०१९ मध्ये आरशातली आपली प्रतिमा ओळखण्याची कसोटी या जातीनं पार केल्याचं संशोधन आल्यावर मागणी वाढली की काय कोण जाणे.)

इतकं करूनही बऱ्याचदा दोन नावं हातात उरतात आणि त्यांच्यात निवड करायला माशाचं मूळ गाव लागतं. हॅलिकोएरिस क्रायसस सगळा पिवळाधमक, पॅसिफिककडचा. हॅलिकोएरिस ल्यूकोझँथस पाठीवर पिवळा आणि पोटाला पांढरा, हिंद महासागराकडचा. कोरिस गेमार्ड पॅसिफिकचा, कोरिस क्युव्हिएरी हिंद महासागराचा. मोठेपणी पहिल्याची शेपटी पिवळी होते, दुसऱ्याची होत नाही, पण पिल्लं दोन्हीकडे तांबडी, पाठीवर काळ्या काठाचे पांढरे पट्टे, आणि त्या वयात भलेभले फसतात. अशा वेळी दुकानदाराला ‘हा कुठल्या खेपेतला? मालदीवची की इंडोनेशियाची?’ एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. तो आधी चमकतो. पुढच्या वेळी स्वतःहून सांगतो.

पुस्तकांत आपला मासा सापडलाच नाही, तर तो खरंच नवा असण्याची शक्यता किती? सहसा नाहीच. पण शून्यही नाही. मालदीवमध्ये चाळीस ते सत्तर मीटर खोलीवर राहणारा, गुलाबी-जांभळ्या अंगाचा एक सिरिलॅब्रस वर्षानुवर्षं मत्स्यालयांच्या व्यापारात विकला जात होता. त्याला सिरिलॅब्रस रुब्रिस्क्वामिस समजलं जात होतं. ती जात चागोस बेटांवरच्या एकाच पिल्लाच्या नमुन्यावरून १९८३ मध्ये वर्णिलेली होती. यि-काय टी, मालदीवचे अहमद नजीब आणि त्यांचे सहकारी यांनी रंग, काटे, खवले आणि जनुकं ताडून पाहिली तेव्हा ही वेगळीच जात निघाली. मार्च २०२२ मध्ये ‘झूकीज’मध्ये तिला सिरिलॅब्रस फिनिफेन्मा हे नाव मिळालं, फिनिफेन्मा म्हणजे दिवेही भाषेत गुलाब, मालदीवचं राष्ट्रीय फूल. मालदीवच्या पाण्यात शेकडो जातींची नोंद झालेली असूनही तिथल्या स्थानिक शास्त्रज्ञाच्या सहभागानं वर्णिलेली ही पहिलीच जात होती. मासा लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत पोहत होता, त्याची किंमत ठरलेली होती, आणि नाव मात्र दुसऱ्याचं होतं.

हे वाचून प्रत्येकानं आपल्या टाकीतला मासा नवा जाहीर करू नये. मला उलट बाजूचा आग्रह धरायचा आहे. वंशापर्यंत खात्री झाली आणि पुढे झाली नाही, तर ‘हॅलिकोएरिस, जात अनिश्चित’ असं लिहून थांबावं. त्यात कमीपणा काही नाही. या छंदात सगळ्यात जास्त नुकसान अर्धवट पटलेल्या ओळखीवर छातीठोक नाव सांगणाऱ्यांनी केलेलं आहे. ते नाव दुसरा उचलतो, तिसरा त्यावर खाद्य ठरवतो, आणि मासा मरतो चौथ्याच्या घरी.

कायद्याचं थोडक्यात. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा कोकणातून येताना खिशात प्रवाळाचा तुकडा घालून आणणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही मेलेला असो. नेपोलियन रॅस २००४ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याच्या पिल्लाच्या डोळ्यामागे दोन काळ्या रेघा असतात. अशी पिल्लं कुणी दाखवली तर पैसे काढू नयेत.

या पुस्तिकेत पोपटमासे घेतलेले नाहीत, ते घरच्या टाकीचे मासे नव्हेत. थंड समुद्रांतले युरोपी रॅसही नाहीत. औषधोपचार नाहीत. टाकीला जाळीचं झाकण का हवं याचं मात्र एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण रॅस उडी मारतात, आणि नाव पक्कं व्हायच्या आत फरशीवर वाळलेले सापडलेले मासे मोजायचे तर वेगळी वही लागेल. शेवटची काही पानं कोरी ठेवली आहेत : आणल्याची तारीख, दुकानदारानं सांगितलेलं गाव, पहिल्या दिवशीची लांबी, झोपायची जागा आणि वेळ, काटे, पार्श्वरेषा, दर महिन्याला एक फोटो. नावाचा रकाना सगळ्यात खाली आहे. तो पेन्सिलनं भरावा.

देवळी, जि. वर्धा